मेलेल्या ब्लेडांचा डबा

त्याला सगळे काटकोन म्हणत. चित्रांना, फोटोंना फ्रेम करून देणाऱ्या माणसाला शोभेलसं नाव, पण ते नुसतं कामावरून पडलेलं नव्हतं. फ्रेमचा कोपरा नव्वद अंशांत आहे का ते गुण्या लावून बघावं, तसा तो समोर आलेल्या प्रत्येक माणसालाही मनातल्या मनात गुण्या लावायचा. आणि माणूस म्हटला की कुठेतरी एखादा अंश इकडेतिकडे असायचाच. तेवढा अंश त्याला पुरायचा.

असा तो जन्मापासून नव्हता. बारा वर्षांपूर्वी त्याची आतेभावाबरोबर भागीदारी होती. एका सोमवारी दुकान उघडलं तर आतेभाऊ नाही, फ्रेमच्या पट्ट्यांचा निम्मा रॅक रिकामा, आणि गिऱ्हाइकांचे पत्ते लिहिलेली वहीही गायब. त्या दिवसापासून काटकोन ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. गिऱ्हाईक दोनदा ‘छान’ म्हणालं की तिसऱ्यांदा हा काय मागणार, याची त्याला धास्ती. बायको म्हणायची, “अहो, एक दिवस तुम्ही स्वतःच्या सावलीला विचाराल, मागे मागे का येतेस म्हणून.”

त्यातल्या त्यात दोनच माणसांवर त्याचा भरवसा उरला होता. एक बायको, आणि दुसरा काचवाला. काचवाला बुटका, जाड, कमी बोलणारा. हाताच्या बोटांवर जुन्या कापांच्या पांढऱ्या रेघा. वीस वर्षं दर गुरुवारी तो काच घेऊन यायचा, ती भिंतीला टेकवायचा, स्टुलावर बसून चहा प्यायचा आणि जायचा. घाऊक बाजारात त्याच्या खेपा असायच्या, म्हणून ब्लेडची पाकिटंही तोच आणून द्यायचा. आतेभाऊ पळाला त्या आठवड्यात फक्त हाच आला होता आणि काही न विचारता बसून राहिला होता.

दुकान खाली, घर वर, मधे आतून एक अरुंद लाकडी जिना. दुकानाच्या मधोमध नमद्याचं जाड हिरवं कापड लावलेलं मोठं टेबल आणि त्यावर माउंट कटर. एक लांब पट्टी, तिच्यावरून सरकणारी मूठ, आणि मुठीत तिरपं बसवलेलं ब्लेड. फ्रेमच्या आत चित्राभोवती जो जाड बोर्ड दिसतो, पांढऱ्या तिरप्या कडेचा, तो माउंट. त्याची कड साफ कापली गेली तर बघणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाही. पण ब्लेड थकलेलं असलं की कडेवर कापसासारखी लव उठते, कोपऱ्याशी काप किंचित वळतो, आणि मग माणसाला चित्र सोडून तेवढंच दिसत राहतं.

म्हणून ब्लेडच्या बाबतीत काटकोन हयगय करत नसे. ब्लेडला दोन टोकं. एक टोक थकलं की उलटं बसवायचं, दुसरंही थकलं की म्हणायचं, “मेलं.” मग ते पत्र्याच्या डब्यात. डब्यावर त्याने ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘मेलेली’. त्यातलं एखादं तो पाठचा कागद कातरायला नाहीतर खोकी फोडायला काढायचा. बाकीची तशीच पडून. फेकवत नव्हती आणि उपयोगही नव्हता, अशी शे-दोनशे ब्लेडं.

त्या वर्षी घरात ताई राहायला आली. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण, नात्याने काटकोनाची आकडसासू. सारा जन्म तिने एका मोठ्या इस्पितळाच्या तपासणी विभागात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा धाकट्या बहिणीने तिला आग्रहाने आणलं. येताना तिने एक बॅग आणली आणि एक लाकडी पेटी. पेटीला कुलूप.

“काय आहे गं त्या पेटीत?” काटकोनाने बायकोला विचारलं.

“ताईचं काहीतरी असेल. मी कशाला विचारू?”

“आपल्या घरात कुलूपबंद पेटी आहे आणि तुला विचारावंसं वाटत नाही?”

“नाही वाटत,” बायको म्हणाली. संशयाची पहिली पाल तिथे चुकचुकली.

दुसऱ्याच दिवशी ताई कठडा धरून, पायरीपायरीला ‘आई गं’ म्हणत खाली आली, टेबलाशी उभी राहिली आणि डब्यातलं एक ब्लेड उजेडात धरून बघू लागली.

“भाऊजी, यांना धार लावत नाही का तुम्ही?”

“ताई, ब्लेडला धार लावणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडाला पावडर लावणं. दिसायला बरं, उठून थोडंच बसणार आहे?” काटकोन हसला, पण ते हसू ओठांवरच होतं. “आणि एक सांगतो, राग मानू नका. या टेबलावरच्या कशालाही माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.”

ताईने ब्लेड जागच्या जागी ठेवलं. “बरं,” म्हणाली आणि आली तशी वर गेली. काटकोनाला वाटलं, विषय संपला.

महिना-दीड महिन्यानंतर त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. ब्लेडचं पाकीट संपत नव्हतं. एरवी तीन आठवड्यांत त्याचा तळ दिसायचा, आणि आता सहावा आठवडा लागला तरी हात घातला की ब्लेड मिळत होतं. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. काटकोनाची झोप उडाली. फुकटात वाढणारी वस्तू त्याने आजवर पाहिली नव्हती. त्याने ‘मेलेली’चा डबा हलवून पाहिला. एरवी गच्च भरलेला डबा आता खुळखुळ्यासारखा वाजत होता.

म्हणजे मेलेली कमी होत होती आणि जिवंत संपत नव्हती.

तो विचार करत बसला, आणि त्याचा विचार म्हणजे सुतावरून थेट स्वर्ग. कुणीतरी डब्यातली मेलेली ब्लेडं चांगल्या पाकिटात भरतंय. का? पाकीट भरलेलं दिसावं म्हणून. पाकीट भरलेलं का दिसावं? आतली नवी ब्लेडं उचलल्याचं कळू नये म्हणून! आता टेबलाजवळ येतं कोण? बायको येते, पण तिला ब्लेड लागतं ते वर्षातून एकदा शिवण उसवायला. ताई? ती जिना उतरायला लागली की शेजारपाजारच्यांनाही ऐकू जातं. गिऱ्हाइकं टेबलाच्या अलीकडेच थांबतात. मग उरलं कोण?

ते नाव मनात आलं तेव्हा त्याने मान झटकली. पण एकदा डोक्यात किडा शिरला की तो स्वतःचं घर करतो. काचवाल्याच्या भाच्याने गेल्याच महिन्यात दोन गल्ल्या सोडून फ्रेमचं दुकान काढलं होतं. ही गोष्ट काचवाल्याने चहा पिता पिता सहज सांगितली होती. सहज! काटकोनाला आता ते ‘सहज’ खुपायला लागलं. स्टूल टेबलाच्या किती जवळ आहे, हे त्याने पावलांनी मोजलं. दीड पाऊल. आपण काच तपासायला उजेडात दाराशी जातो, तेव्हा आपली पाठ किती वेळ वळलेली असते? आतेभावाकडेही आपण अशीच पाठ करायचो.

त्याने सापळा लावला. पाकिटातल्या प्रत्येक नव्या ब्लेडवर टोकाजवळ लाल पेनने बारीक ठिपका दिला. डब्यातल्या प्रत्येक मेलेल्या ब्लेडवर निळा. बायकोने विचारलं, “हे काय चाललंय?” तर म्हणाला, “हिशेब.” खरं सांगायची सोयच नव्हती, कारण हल्ली दोघी बहिणी स्वयंपाकघरात कुजबुजताना दिसायच्या आणि हा आला की गप्प व्हायच्या. त्या बाजूलाही काहीतरी शिजत होतं, पण एका वेळी एकच भांडं, असं त्याने ठरवलं.

पुढच्या बुधवारी त्याने पाकिटात हात घातला आणि निळ्या ठिपक्याचं ब्लेड बाहेर आलं. मग दुसरं. मग तिसरं. संशय खरा ठरल्याचा जो एक कडवट आनंद असतो, तो त्याला झाला, आणि त्या आनंदात तो पाकिटातली बाकीची ब्लेडं बघायचं विसरला.

गुरुवारी काचवाला आला. काच भिंतीला टेकवली, स्टुलावर बसला. दुकानात शाळेतल्या एक बाई आपलं चित्र न्यायला थांबल्या होत्या. काटकोनाने तेवढाही धीर धरला नाही. निळ्या ठिपक्यांची तिन्ही ब्लेडं त्याने टेबलावर ओळीने मांडली.

“भाच्याचं दुकान कसं चाललंय?”

“चालेल हळूहळू,” काचवाला म्हणाला.

“चालणारच. ब्लेडं फुकट मिळतायत म्हटल्यावर.”

काचवाल्याने आधी ब्लेडांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “काय बोलतोयस?”

“ही मेलेली. माझ्या डब्यातली. नव्या पाकिटात कशी आली? आणि पाकिटातली नवी कुठे गेली? वीस वर्षं या स्टुलावर बसतोयस तू. दुसरं कुणी बसत नाही.”

शाळेच्या बाई आपल्या चित्राकडे एकटक बघत राहिल्या, जणू ते आत्ताच कुणीतरी काढलंय. काचवाला रागावला नाही, ओरडला नाही. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठला.

“काच इथेच राहू दे की आत ठेवू?”

“इथेच.”

“बरं,” म्हणाला आणि गेला. काटकोनाने बाईंचं चित्र कागदात गुंडाळून दिलं. गाठ त्याने गरजेपेक्षा जास्त घट्ट मारली.

प्रकरण मिटलं, असं तो चार दिवस समजत होता. पाचव्या दिवशी त्याने सहज डबा हलवला. आवाज आणखी पोकळ झाला होता. काचवाल्याने तर त्यानंतर दुकानात पाऊल टाकलं नव्हतं.

आपण चुकीच्या गाडीत बसलोय हे माणसाला स्टेशन सुटल्यावर कळावं, तसं त्याचं झालं. पण चूक कबूल करण्याआधी चोर पकडणं त्याला सोपं वाटलं. रोज दुपारी दोन ते चार तो शटर अर्धं ओढून वर झोपायला जायचा. त्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाला, “मी जरा बाहेर जाऊन येतो.” बाहेर गेला, कोपऱ्यावरून वळला आणि वाकून शटरखालून परत आत आला. माउंट बोर्डांचा उभा रॅक होता, त्याच्यामागे खोक्यावर बसून राहिला. साठीचा माणूस स्वतःच्याच दुकानात लपून बसला होता, आणि त्याला त्याचं हसू आलं नाही.

अर्ध्या तासाने जिन्यावर हालचाल झाली. ‘आई गं’ नव्हतं, काहीच नव्हतं. ताई उलटी उतरत होती. जिन्याकडे तोंड करून, शिडी उतरावी तशी, काखेत लाकडी पेटी. उलटं उतरलं की गुडघ्यावर भार येत नाही, हे तिने कधीच शोधून काढलं होतं. सरळ उतरताना ती ओरडायची ते खरंच दुखायचं म्हणून.

तिने खिडकीजवळच्या लहान टेबलावर पेटी उघडली. काटकोन रॅकच्या फटीतून बघत होता. आतून निघाला एक गुळगुळीत दगड, साबणाच्या वडीएवढा. मग लाकडावर ताणून चिकटवलेला चामड्याचा पट्टा, आणि भिंग. डब्यातून तिने मूठभर ब्लेडं काढली आणि एकेकाचं टोक भिंगाखाली धरून निवडू लागली. काही उजवीकडे, काही डावीकडे. मग एक ब्लेड चिमट्यात धरून दगडावर आडवं टेकवलं, दोन थेंब तेल, आणि हात हलायला लागला. तीन फेरे या बाजूने, तीन त्या बाजूने. मनगट जराही वाकत नव्हतं. मग चामड्यावर, आता धार मागे ठेवून, ओढत, हलकेच. पुन्हा भिंग.

काटकोन ओरडून उठणार होता. पण तो उठला नाही. चाळीस वर्षं हाताने काम केलेल्या माणसाला दुसऱ्याचा हात ओळखू येतो, आणि असा हात त्याने फार दिवसांत पाहिला नव्हता. चौथं ब्लेड झालं, पाचवं झालं. शेवटी त्याचा पायच बधिर झाला आणि खोकं कलंडलं.

ताई दचकली नाही. भिंग खाली ठेवून म्हणाली, “या बाहेर, भाऊजी. धूळ आहे तिकडे.”

“तुम्ही!” काटकोन पाय चोळत उठला. “टेबलाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं मी.”

“टेबलाला नाही लावला. हे दुसरं टेबल आहे.”

“थट्टा करू नका! मेलेली ब्लेडं तुम्ही माझ्या पाकिटात घालता. का?”

“मेलेली नाहीत ती,” ताई शांतपणे म्हणाली. “बसा. दाखवते.”

तिने भिंग त्याच्या हातात दिलं. “हे बघा. तुम्ही कापताना ब्लेडचं फक्त टोक बोर्डात जातं, केवढंसं, तांदळाच्या दाण्याएवढं. बाकीची धार कोरीच राहते. आणि टोकाचंही बघा, मोडलेलं नाही, नुसतं एका बाजूला वळलंय. ते वळण काढलं की पुन्हा कापतं. तुमच्या पाकिटात थोडीच घालते, बाकीची पेटीत जमवली आहेत. ज्यांचं टोक तुटलंय ती ही डावीकडची. ती खरंच गेली, खोकी फोडायला ठेवा.”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“इस्पितळात. रुग्णाच्या अंगातला तुकडा मेणात बसवायचा आणि त्याचे केसाहून पातळ काप काढायचे. त्या सुऱ्यांना आम्हीच धार लावायचो, रोज सकाळी तासभर. धारेत एक खाच राहिली तर कापावर रेघ उमटते, आणि डॉक्टर रेघेलाच रोग समजायचा. नंतर वापरून फेकायची पाती आली. माझा दगड पेटीत गेला.”

काटकोनाने भिंगातून पुन्हा पाहिलं. मग एकदम म्हणाला, “ही ब्लेडं तुम्ही आधीच निवडून ठेवली असतील. मी काढून देतो त्याला लावा.”

“द्या.”

त्याने डब्याच्या तळातून एक काढलं. ताईने त्याच्यादेखत धार लावली. त्याने ते कटरमध्ये बसवलं, खाली टाकाऊ बोर्डाचा तुकडा सरकवला, वर काळा माउंट बोर्ड ठेवला, कारण काळ्यावर लबाडी लपत नाही. मूठ ओढली. चारी बाजू कापून बोर्ड उचलला, तर मधला तुकडा आपोआप खाली पडला, ओढावा लागला नाही. त्याने कडेवरून बोट फिरवलं. लव नव्हती.

“असं किती वेळा चालेल?”

ताईने पेटीतून एक वही काढली. “नव्यापेक्षा कमी. चार-पाच माउंट, मग पुन्हा लावायची. तीनदा लावून झाली की सोडून द्यायची. गेल्या महिन्यात तुम्ही एकोणीस माउंट अशा ब्लेडांनी कापलेत. त्या दातांच्या डॉक्टरांची तीन चित्रंही त्यातच होती. काम झकास झालं, असं तुम्हीच जेवताना म्हणालात.”

“माझ्या गिऱ्हाइकांवर प्रयोग केलात?” त्याचा आवाज चढला. “मला न सांगता?”

ताई पहिल्यांदाच खाली बघून बोलली. “सांगितलं असतं तर तुम्ही कापायच्या आधीच नापास केलं असतं. आमच्याकडे नमुन्यावरचं नाव झाकूनच तपासायचो, तसं केलं. प्रत्येक माउंटचे कोपरे मी बाहेर जायच्या आधी भिंगातून बघत होते. तरी चुकलंच. दुकान तुमचं आहे.”

“आणि माझे निळे ठिपके? ते बघून काही वाटलं नाही?”

“वाटलं ना. वाटलं, थकलेल्या टोकाला खूण करतायत. बरी सवय आहे म्हटलं.”

जिन्यावर बायको उभी होती. कधी आली, कळलं नव्हतं. “ते ठिपके कशासाठी होते?” तिने विचारलं. काटकोनाने सांगितलं. काचवाल्याला काय बोललो, तेही सांगावं लागलं. बायकोने पाकीट उचललं आणि टेबलावर उपडं केलं. निळ्या ठिपक्यांची ब्लेडं बाजूला केली, लाल ठिपक्यांची मोजली.

“तुम्ही किती लाल केली होती?”

“बावीस. त्यातली दोन मी वापरली.”

“वीस आहेत.”

लाल ठिपक्यांची वीस ब्लेडं टेबलावर पडली होती. चोरी झालीच नव्हती. मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं.

“मला महिन्यापूर्वीच कळलं होतं ताई काय करते ते,” बायको म्हणाली. “तुमच्या वाढदिवसापर्यंत गप्प राहायचं ठरलं होतं आमचं. माझंही चुकलं. पण मी कुणाला चोर नाही म्हटलं.”

काचवाल्याचं दुकान नदीपलीकडे होतं. काटकोन दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेला. काचवाला लांब टेबलावर वाकून काच आखत होता. त्याने पाहिलं, पण हात थांबवला नाही. काचेवर रेघ ओढताना थांबता येत नाही, हे काटकोनालाही माहीत होतं, म्हणून तो उभा राहिला. काच टकदिशी दुभंगली.

“ब्लेडं आमच्या आकडसासूबाई घेत होत्या,” काटकोन म्हणाला. “माझी चूक झाली. माफ कर.”

“बरं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे ऐकलं.” काचवाल्याने हातमोजा काढला. “शंका कुणालाही येते रे. मला विचारलं असतंस तर मी खिसे उलटे करून दाखवले असते, आणि हसलोही असतो. तू विचारलंच नाहीस. आधीच्या गुरुवारीही माझ्यासमोर बसून चहा पीत होतास आणि मनात पुरावा गोळा करत होतास. ते मला जरा जड जातंय.”

काटकोन तिथून निघाला. तो शाळेच्या बाईंकडेही गेला. त्यांच्यासमोर बोललो होतो, तर त्यांच्यासमोरच खोडायला हवं, असं बायकोचं म्हणणं. बाई म्हणाल्या, “मी काही ऐकलंच नव्हतं,” आणि दोघंही अवघडले.

काच येत राहिली, पण टेम्पोवाल्याच्या हाती. ब्लेडची पाकिटं आता क्वचितच लागत. सकाळी ताई खिडकीशी बसून दगडावर हात चालवायची आणि काटकोन तिच्याकडून शिकायचा. त्याचं मनगट वाकायचं. ताई चिमट्याने टेबलावर टकटक करायची. “घाई नको, भाऊजी. चामड्यावर ढकलायचं नसतं, ओढायचं असतं.” सराव झाला तसं त्याला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं की कुठलं टोक अजून कापेल आणि कुठलं गेलं. मात्र संशयी तो होताच. ताईने निवडलेली ब्लेडं तो पुन्हा एकदा भिंगाखाली बघायचा, आणि ताई ते बघून न बघितल्यासारखं करायची.

चौथ्या महिन्यात एका सभागृहात लावायचं मोठं चित्र आलं. माणसाहून उंच. एवढी काच टेम्पोवाला एकटा आणू शकत नव्हता, आणि चित्रावर बसवायला अनुभवी माणूस हवा होता. एका गुरुवारी सकाळी काचवाला स्वतः आला. दोघांनी काच गाडीतून उतरवली. एक पुढे, एक मागे, दोघांच्या मधे ती भलीमोठी थरथरणारी काच. काटकोनाला दाराकडे पाठ करून उलटं चालायला लागत होतं, उंबरा दिसत नव्हता.

“पायरी आहे?” त्याने विचारलं.

“आहे. अजून एक पाऊल मागे. आता पाय उचल.”

त्याने खाली न बघता पाय उचलला. काच आत आली. दोघांनी ती सावकाश चित्रावर उतरवली आणि काठावरून कापड फिरवलं. काचवाला घाम पुसत उभा राहिला. स्टूल होतं तिथेच होतं. तो बसला नाही, पण बायकोने वरून चहा आणला तेव्हा त्याने कप घेतला आणि दाराशी उभ्याउभ्याने पूर्ण संपवला.